हिरड्यांतून रक्त येतं तेव्हा : न दुखणाऱ्या आजाराची गोष्ट

आज गुरुवार, म्हणजे आपल्या एमआयडीसीची सुट्टी. सुट्टीच्या संध्याकाळी भाजी-बाजार, घरची कामं बाजूला ठेवून आपण दातांवरचं व्याख्यान ऐकायला आलात, याचं आम्हाला खरंच कौतुक वाटतं. दात दुखत असला की माणूस रात्री दोन वाजतासुद्धा डॉक्टरचं दार वाजवतो. न दुखणाऱ्या दातासाठी वेळ काढणारे फार थोडे. आणि आजचा आपला विषय नेमका तोच आहे. बराच काळ अजिबात न दुखणारा आजार.

आम्ही काही दंतवैद्य मिळून भोसरी, आकुर्डी, चिंचवडपासून पुढे कुरुळी, म्हाळुंगे, चाकणपर्यंतच्या कारखान्यांत तपासणी शिबिरं घेतो. प्रत्येक शिबिरात एक संवाद हमखास होतो. पस्तिशी-चाळिशीतला एखादा दादा खुर्चीत बसतो आणि सांगतो, "डॉक्टर, आपले दात एकदम ओके. कीड नाही, दुखत नाही. फक्त ब्रश करताना थोडं रक्त येतं. उष्णता आहे अंगात, दुसरं काही नाही." तोंड उघडल्यावर काय दिसतं? खालच्या पुढच्या दातांच्या मागे कीटणाची भिंत. हिरड्या लालभडक आणि सुजलेल्या. दोन दाढा बोटाने हलवल्या तर हलतात. त्याला एकही कीड नाही, हे खरंच आहे. पण त्यातल्या काही दाढा पाच-सात वर्षांत जाण्याच्या वाटेवर असतात, आणि त्याला ते माहीतच नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार हिरड्यांच्या आजाराचं गंभीर स्वरूप जगातल्या साधारण १९ टक्के प्रौढांना आहे. माणसांच्या संख्येत सांगायचं तर शंभर कोटींहून जास्त. म्हणजे हा कुणा एकाच्या निष्काळजीपणाचा प्रश्न नाही. लाज वाटून घेण्यासारखं यात काही नाही, पण समजून घेण्यासारखं बरंच आहे.

दात कशावर उभा असतो?

तुमच्यातले बरेच जण मशीनवर काम करता, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. प्रेस मशीन कितीही भारी असो, ते उभं असतं फाउंडेशनवर. फाउंडेशन बोल्ट ढिले झाले की मशीन हादरायला लागतं, मग जॉबचं माप चुकतं, आणि तरीही चालवत राहिलात तर एक दिवस मशीन बंद पडतं. मशीनमध्ये स्वतःमध्ये काही बिघाड नसला तरी.

दाताचं तसंच आहे. आपल्याला दिसतो तो दाताचा वरचा भाग. मूळ असतं जबड्याच्या हाडात. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो. तो दाताला हाडाशी धरून ठेवतो आणि चावताना बसणारा दाब झेलतो. या सगळ्यावर वरून हिरडीचं आवरण. हिरडी दाताच्या भोवती कॉलरसारखी घट्ट बसलेली असते. किडीत दात खराब होतो. हिरड्यांच्या आजारात दाताचं फाउंडेशन खराब होतं. म्हणून तर डेंटिस्टने काढलेला हलणारा दात हातात घेऊन लोक म्हणतात, "अरे, हा तर चांगला होता!" दात चांगलाच होता. त्याला धरणारं हाड गेलं होतं.

थर, कीटण आणि सूज

सुरुवात कशी होते? ब्रश केल्यावर काही तासांतच दातांवर जंतूंचा एक मऊ, चिकट थर बसायला लागतो. त्याला प्लाक म्हणतात. सकाळी उठल्यावर जिभेने दातांवरून फिरवलं की जे बुळबुळीत लागतं, ते हेच. हा थर ब्रशने निघतो. पण काही दिवस तसाच राहिला की लाळेतले क्षार त्यात बसतात आणि तो दगडासारखा कडक होतो. हे झालं कीटण. कीटण ब्रशने निघत नाही, मग ब्रश कितीही जोरात घासा. आणि कीटणाचा खडबडीत पृष्ठभाग म्हणजे नव्या थराला बसायला आयती जागा.

हिरडीच्या कडेला जंतू साचले की शरीर गप्प बसत नाही. तिथे रक्तपुरवठा वाढतो, पांढऱ्या पेशी धावून येतात, हिरडी सुजते, नाजूक होते. मग ब्रश लागला की रक्त येतं. हा आजाराचा पहिला टप्पा. इथे हाडाला अजून काही झालेलं नसतं आणि इथून माणूस पूर्णपणे परत येऊ शकतो.

दुसऱ्या टप्प्यात सूज खाली उतरते. हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये फट तयार होते. त्या फटीत ब्रश पोहोचत नाही, पण जंतू पोहोचतात. त्यांच्याशी लढता लढता शरीर आपलंच हाड मागे हटवतं. यालाच आपल्याकडे लोक पायरिया म्हणतात. मग तोंडाला वास येतो, दातांत फटी पडतात, अन्न अडकतं, कधी पू येतो, आणि शेवटी दात हलतो. दुखणं बहुतेक वेळा या शेवटच्या टप्प्यात येतं. आणि गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. काही ठिकाणी शस्त्रक्रियेने थोडंफार भरून काढता येतं, पण पूर्वीसारखं होणं अवघड.

आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या. रक्त येतं तो अलार्म आहे. दुखतं तोपर्यंत ब्रेकडाऊन झालेलं असतं.

दोन अभ्यास, दोन धडे

हे आम्ही अंदाजाने सांगत नाही. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे हॅराल्ड ल्यो या दंतवैज्ञानिकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा नीट घासायला सांगितलं, तेव्हा साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. औषध नाही, इंजेक्शन नाही. पहिल्या टप्प्यावर आपला हात हेच औषध, हे त्या दिवसापासून सिद्ध झालं.

दुसरा अभ्यास आम्हाला जास्त जवळचा वाटतो, कारण तो कामगारांवर झाला. १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं ल्यो यांच्याच गटाने श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांतल्या ४८० पुरुष मजुरांचे दात वेळोवेळी तपासले. ही माणसं ब्रश वापरत नव्हती आणि त्यांना दंतवैद्याची सोयही नव्हती. सगळ्यांच्या दातांवर थर, सगळ्यांच्या हिरड्यांना सूज. पण पुढे काय झालं? सुमारे ८ टक्के लोकांचं नुकसान फार वेगाने झालं, ८१ टक्के लोकांचं मध्यम वेगाने, आणि ११ टक्के लोकांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही.

शिबिरात आम्हाला नेहमी ऐकवतात, "आमच्या आजोबांनी जन्मात ब्रश धरला नाही, ऐंशीव्या वर्षी ऊस खात होते!" खरं असेल. तुमचे आजोबा त्या अकरा टक्क्यांतले असतील. पण तुम्ही त्यातले की त्या आठ टक्क्यांतले, हे कपाळावर लिहिलेलं नसतं. आणि ज्यांचे दात चाळिशीत गेले, त्या आजोबांची ऊस खाण्याची गोष्ट घरात कुणी सांगत नाही.

डेप्थ गेज तोंडातही असतो

क्वालिटीमध्ये काम करणारे डेप्थ गेजने खाच मोजतात. आमच्याकडेही तसंच एक साधन आहे. मिलिमीटरच्या खुणा असलेली, टोकाला बोथट अशी बारीक सळी. ती दात आणि हिरडीच्या मध्ये हलकेच घालून खोली मोजतात. एक ते तीन मिलिमीटर म्हणजे ठीक. चार किंवा जास्त म्हणजे फट तयार झाली आहे, लक्ष द्या. पाच-सहाच्या पुढे घरच्या ब्रशचं काम राहत नाही. त्यासोबत एक्स-रे काढला की हाड किती उरलं ते कळतं.

पुढच्या वेळी दंतवैद्याकडे जाल तेव्हा विचारा, "माझ्या हिरड्यांची खोली किती आहे?" तुमच्या दुचाकीच्या टायरची हवा तुम्हाला माहीत असते. हा आकडाही माहीत असायला हवा.

आपल्या पट्ट्यातल्या अडचणी

दिवसातून दोनदा ब्रश करा, हे पोस्टरवर लिहायला सोपं आहे. पण तीन पाळ्यांमध्ये जगणाऱ्या माणसाची सकाळ कुठली आणि रात्र कुठली? तिसरी पाळी करून माणूस सकाळी खोलीवर येतो, पोहे-चहा घेतो आणि तसाच आडवा होतो. ब्रश पाळीला निघण्याआधी झालेला असतो. झोपेत लाळ कमी सुटते, तोंड कोरडं पडतं आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. म्हणून आम्ही "रात्री ब्रश करा" म्हणत नाही. झोपण्यापूर्वी ब्रश करा, मग घड्याळात सकाळचे साडेआठ का वाजलेले असेनात.

दुसरी गोष्ट तंबाखू. रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून बार भरणारे आम्हाला रोज भेटतात. २०१६-१७ च्या देशव्यापी सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २४.४ टक्के होतं. म्हणजे जवळपास चारांत एक. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, पण तंबाखू-चुना चालूच आहे. जिथे चिमूट ठेवता, तिथली हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. ज्या जागी तंबाखू ठेवता तिथे पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर एक दिवसही थांबू नका, दाखवा. विडी-सिगारेटचा प्रकार आणखी फसवा. धुरामुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आतून हाड जात असलं तरी रक्त कमी येतं. अलार्मचा बल्बच काढून ठेवल्यासारखं आहे हे.

आणि मशेरी. ताई-मावशींना इथे थोडं स्पष्ट सांगतो. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. दात स्वच्छ होतात असं वाटतं, पोट साफ होतं असं सांगतात, पण तलफ येते ती तंबाखूचीच. दात घासण्याच्या उत्पादनांत तंबाखू घालायला १९९२ पासून आपल्या देशात बंदी आहे, पण घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीला कायदा कुठे गाठणार? ती आपणच सोडायला हवी.

तिसरी अडचण खाड्याची. कंत्राटी कामगाराला दातासाठी सुट्टी घ्यायची म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला, वर हजेरीचा बोनस गेला. त्यामुळे तो मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेतो आणि लाइनवर उभा राहतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. इथे बसलेल्या सुपरवायझर आणि एचआरच्या मंडळींना मात्र विनंती आहे. वर्षाच्या आरोग्य तपासणीत डोळे, कान, छातीचा फोटो होतो, त्यात दात आणि हिरड्याही घाला. दहा मिनिटांचं काम आहे.

साखर आणि हिरड्या

मधुमेह असणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. साखर जास्त राहिली की हिरड्यांचा आजार वाढतो, जखम लवकर भरत नाही. आणि उलटही होतं. हिरड्यांची जुनी सूज साखर आटोक्यात ठेवणं अवघड करते. अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केल्यावर असं दिसलं आहे की हिरड्यांचा योग्य उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास खाली येतं. साखरेची गोळी थांबवावी असा याचा अर्थ नाही. पण साखरेची फाइल घेऊन दंतवैद्याकडे जा, आणि हिरड्यांतून रक्त येतं हे साखरेच्या डॉक्टरांनाही सांगा.

मग एक गोळी द्या ना, डॉक्टर!

हा प्रश्न पिंपरीत विचारला जाणं साहजिक आहे. देशाच्या मालकीचा पहिला अँटिबायोटिक कारखाना, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ साली इथेच पिंपरीत स्थापन झाला. पिंपरीच्या पेनिसिलिनने असंख्य जीव वाचवले. पण हिरड्यांच्या बाबतीत नुसती गोळी पुरत नाही. कारण प्लाकमधले जंतू सुटे नसतात. ते स्वतःभोवती चिकट आवरण तयार करून वस्तीने राहतात, आणि त्या वस्तीत औषध नीट शिरत नाही. मशीनवर वर्षभराचं तेलकट किटाळ साचलं असेल तर नुसतं कूलंट वाढवून ते जातं का? खरवडावंच लागतं. तसंच हे. आधी थर आणि कीटण काढायचं. गोळी लागलीच तर काही ठरावीक रुग्णांत, सोबत म्हणून. उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

रोज काय करायचं?

कारखान्यात सफाई, तपासणी आणि आवळणी ऑपरेटरनेच रोज करायची असते. मेंटेनन्सवाले नंतर. दातांचे ऑपरेटर आपण.

मऊ केसांचा ब्रश घ्या. कडक ब्रशने हिरडी सोलते आणि दात झिजतात. ब्रश दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरका, साधारण ४५ अंशांत धरा आणि जागच्या जागी हलकेच थरथरवा. आडवं खसाखसा घासू नका. आतली बाजू विसरू नका, विशेषतः खालच्या पुढच्या दातांची. कीटण सगळ्यात आधी तिथेच बसतं. एकूण दोन मिनिटं. पेस्ट फ्लोराइडची, मोठ्यांना वाटाण्याएवढी पुरते. तीन-चार महिन्यांनी ब्रश बदला. राख, कोळसा, विटेची पूड ही भांडी घासायची साधनं आहेत, ती दातांना लावू नका.

दोन दातांच्या मध्ये ब्रश पोहोचत नाही, आणि आजार बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. तिथे फ्लॉस किंवा फट मोठी असेल तर छोटा बाटलीब्रशसारखा इंटरडेंटल ब्रश वापरा. रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीन दिवसांपासून सुरुवात करा. टाचणी आणि आगपेटीची काडी मात्र नको.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रक्त आलं म्हणून ब्रश करणं थांबवू नका. रक्त येतंय म्हणजे तिथे सफाई कमी पडते आहे. हलक्या हाताने, पण तिथेच जास्त लक्ष देऊन घासा. दोन आठवड्यांत थांबलं नाही तर दाखवा. आणि काहीही तक्रार नसली तरी वर्षातून एकदा तपासणी. मधुमेह किंवा तंबाखू असेल तर सहा महिन्यांनी.

कुठे जायचं?

पगाराची स्लिप काढा. त्यात ईएसआयची कपात दिसते का बघा. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात. १६,००० पगार असेल तर १२० रुपये. मालक आपल्याकडून ३.२५ टक्के भरतो. हे पैसे तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या उपचारांसाठी आहेत. कार्ड काढून घ्या, जवळच्या ईएसआय दवाखान्यात किंवा चिंचवडच्या मोहननगरमधल्या रुग्णालयात दातांच्या विभागाचे वार आणि वेळ विचारा. संत तुकारामनगरमध्ये महापालिकेचं वायसीएम रुग्णालय आहे, त्याच भागात डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयात शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात. वेळ जास्त लागतो, खर्च कमी येतो.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*स्केलिंग केल्यावर दात ढिले होतात, फटी पडतात. मग करायचं कशाला?*

फट आधीच होती, कीटणाने बुजलेली होती. हलणाऱ्या दातांना कीटणाने सिमेंटसारखं धरून ठेवलेलं असतं. ते काढलं की खरी परिस्थिती दिसते. सूज उतरल्यामुळेही दात लांब वाटतात, थोडे दिवस थंड लागतं. कीटण तसंच ठेवलं तर हाड जातच राहील.

*मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालतील?*

कोमट पाण्यात चिमूटभर मीठ, जरूर करा, सुजेला आराम पडतो. पण कीटण त्याने निघत नाही. बाजारातलं औषधी माउथवॉशही डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस. जास्त दिवस वापरलं तर दातांवर डाग पडतात.

*सून गरोदर आहे, हिरड्यांतून खूप रक्त येतं. आता दात साफ करता येतात का?*

येतात. गरोदरपणात हार्मोन्समुळे हिरड्या लवकर सुजतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात उपचार सगळ्यात सोयीचे. गरोदर आहे हे आधी सांगा. बाळंतपणानंतर बघू म्हणून थांबू नका.

*माझा एक दात हलतो. काढावाच लागेल का?*

हलतो म्हणजे गेलाच असं नाही. हाड किती उरलंय त्यावर आहे. सफाई झाली, सूज उतरली की काही दात पुन्हा घट्ट होतात. पण काका, तुमच्या खिशातली ती पुडी आम्हाला दिसते आहे. ती राहिली तर आम्ही कितीही साफ केलं तरी उपयोग नाही.

वेळ संपत आली आहे. उद्या शुक्रवार, पहिल्या पाळीवाल्यांना लवकर उठायचं आहे. आज झोपण्यापूर्वी आरशासमोर उभे राहा, खालचा ओठ ओढून हिरड्यांचा रंग बघा, ब्रश करा आणि थुंकीचा रंग बघा. लाल दिसली तर घाबरू नका, पण उष्णता म्हणून सोडूनही देऊ नका. बऱ्याच जणांना अजून परत फिरण्याइतका वेळ आहे.